जीपखाली वाकलेली आकुर्डी

पुण्यात रस्त्याकडेला कुणी गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला तर लोक न बघितल्यासारखं करून पुढं जातात. आकुर्डीत तसं होत नाही. इथं बॉनेट वर गेलं की पाच मिनिटांत चार माणसं जमतात, आणि ती मदतीला आलेली नसतात, इन्स्पेक्शनला आलेली असतात. "काय झालं?" असलं बाळबोध कुणी विचारत नाही. "टॅपेट वाजतायत," असं सरळ सांगून टाकतात, आणि मग हात मागं बांधून उभे राहतात.

त्यांचाही दोष नाही. एका बाजूला बजाज ऑटो, दुसऱ्या बाजूला बजाज टेम्पो (२००५ साली तिचं नाव फोर्स मोटर्स झालं, हे गावाला माहीत आहे, मान्य नाही), पलीकडं चिंचवडला एसकेएफची बेअरिंगं, पिंपरीला टेल्को, आणि भोसरी एमआयडीसीच्या प्रत्येक ब्लॉकात ह्या सगळ्यांना नट-बोल्टपासून गिअरपर्यंत पुरवणारी शेड. ज्या गावात तीस-तीस वर्षं माणसांनी दाताला दात घासून संसार उभे केले, त्या गावात लोखंडाकडं तटस्थपणे बघणारं कोण मिळणार? आता ही मंडळी निवृत्त झाली. हातातलं काम सुटलं, हाताची सवय सुटली नाही. त्यात २०२२च्या जूनमध्ये आकुर्डीतच विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना उभा राहिला. नव्या चेतकला गिअर बदलावेच लागत नाहीत. ज्यांनी जुन्या चेतकच्या चार गिअरांवर दोन मुलांचं इंजिनिअरिंग केलं, त्यांनी संध्याकाळी खंडोबा माळावर बसून बोलायचं कशावर?

ही अडचण आमच्या दाजींनी सोडवली. त्यांनी मावळातल्या एका पोल्ट्रीवाल्याकडून जीप घेतली.

जीप महिंद्रची, ऐंशीच्या दशकातली, पेजोचं डिझेल इंजिन, फोर बाय फोर. रंग मूळचा कोणता हे कळायला तीन ठिकाणी खरवडावं लागतं. आत मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांड्या आहेत. एकीनं पुढची चाकं जोडायची, दुसरीनं हाय की लो ते ठरवायचं. ताईनं पहिल्यांदा आत बसून त्या तीन दांड्यांकडं बघितलं आणि विचारलं, "ह्यातली धरून बसायची कुठली?"

ह्या दोन दांड्या ज्याच्या डोक्यात खुपसलेल्या असतात तो डबा म्हणजे ट्रान्सफर केस. गॅरेजात नुसतं 'ट्रान्सफर' म्हणतात. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला हा डबा इंजिनाची ताकद घेतो आणि मागच्या-पुढच्या ॲक्सलला वाटून देतो. लोमध्ये टाकला की चाकं सुमारे अडीचपट हळू फिरतात आणि जोर तेवढ्याच पटीत वाढतो. दाजींच्या जीपला आहे तो स्पायसर अठरा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हाच होता. महिंद्रनी इथं त्या जीपा जोडायला घेतल्या तेव्हा तोही त्यांच्याबरोबर आला, आणि पुढं कित्येक वर्षं मुक्काम करून राहिला. कास्ट आयर्नचा, आत सगळे गिअरच गिअर, चेन नाही, वायर नाही. फक्त तो गळतो. दाजींचाही गळत होता, शिवाय चाळिसाच्या पुढं गाडी गेली की आतून एक लांबलचक हुंकार निघायचा, आणि लो टाकून चढाला लावला की दांडी आपली आपण न्यूट्रलला येऊन बसायची.

तेव्हा ट्रान्सफर करायचा काय, हा प्रश्न आला. दाजी तो एकट्यानं सोडवू शकले असते. पण त्यांनी जीप सोसायटीच्या गेटबाहेर, रस्त्यावरून दिसेल अशी, चार ठोकळ्यांवर चढवली.

पहिले आले ते इन्स्पेक्शनवाले काका. ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यानं केलेल्या कामात चूक काढली आणि त्याबद्दल कंपनीनं त्यांना चांदीचं नाणं दिलं. खिशात अजून डायरी, डायरीत अजून रेघा मारलेला तक्ता. त्यांनी वाकून थेंब बोटावर घेतला, वास घेतला, "नव्वद नंबर" म्हणाले आणि तिथंच व्हाय-व्हाय ॲनालिसिस सुरू केलं. जपान्यांनी शिकवलेली पद्धत आहे : पाचदा 'का' विचारायचं, मूळ कारण हाती येतं.

"ऑइल का गळतं?"

"सील गेलंय," दाजी म्हणाले.

"सील का गेलं?"

"शाफ्ट हलतोय."

"शाफ्ट का हलतोय?"

"बेअरिंग खाल्लंय."

"बेअरिंग का खाल्लं?"

"डब्यात ऑइल कमी होतं."

"ऑइल का कमी होतं?"

दाजी गप्प बसले. काकांनी पाचवं उत्तर लिहिलं, 'गळती', आणि पेनाचं टोपण लावलं. जपान्यांचं काय चुकलं ते कळलं नाही, पण तांत्रिकदृष्ट्या ह्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. जुने ट्रान्सफर असेच मरतात.

खरी गोम मधल्या शाफ्टात असते. स्पायसर अठरामध्ये ताकद सरळ मागं जात नाही. ती वरून येते, मधल्या गिअरवर उतरते आणि बाजूला सरकून खालून बाहेर पडते. म्हणून गाडी हायमध्ये, टू व्हीलवर, निवांत निगडीला चालली असली तरी मधला गिअर भाराखाली दळतोच आहे. तो ज्या शाफ्टवर फिरतो तो स्वतः फिरत नाही, मागच्या बाजूनं एका पट्टीनं अडकवलेला असतो. त्यामुळं सगळा मार एकाच अंगाला. शाफ्ट बाहेर काढला तेव्हा त्या अंगाला सुयांसारख्या बारीक रोलरांनी नख लागेल एवढ्या खोबणी पाडल्या होत्या. दुसरं अंग आरशासारखं. डबा खोलायला आलेल्या मिस्त्रींनी तो उन्हात धरून फिरवला तेव्हा जमलेल्या सगळ्या निवृत्तांनी एकदमच जीभ टाळूला लावून 'च्च' केलं.

आता हा शाफ्ट तीन मापांत आला. अगदी सुरुवातीच्या विलीजला पाऊण इंच, मग सव्वा इंचाला एक सूत कमी, आणि पुढं भरभक्कम सव्वा इंच. म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत सहा सूत, नऊ सूत आणि दहा सूत. दहा सुती असेल तर डबा ठेवण्यालायक, नाहीतर भंगार, असा साधा नियम. मिस्त्रींनी अंगठा आणि तर्जनीत शाफ्ट धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दहा सूत."

"एकतीस पॉइंट पंचाहत्तर यायला पाहिजे," काका म्हणाले आणि घरी जाऊन मखमली डबीतलं वर्निअर घेऊन आले. चांगल्या अंगाला माप बरोबर एकतीस पॉइंट पंचाहत्तर आलं. मिस्त्री बिडी पेटवायला गेले. त्यांच्या लेखी निकाल मघाशीच लागला होता.

मापाचा हा तंटा पुढं फार वेळा झाला. मागच्या आउटपुट शाफ्टला मागं-पुढं किती खेळ ठेवायचा, तर चार ते आठ थाऊ. इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात शिम घालायच्या. काकांना तो नेमका सहा हवा होता. ज्या जीपचं दार बंद केल्यावर चौकटीत दोन सुतांची फट राहते आणि त्यातून आतली सीट भिजते, त्या जीपच्या पोटात माणसं केसाच्या जाडीवरून अबोला धरत होती.

दरम्यान उमेदवार जमू लागले.

टेम्पोवाले नाना बजाज टेम्पोच्या असेंब्लीतून निवृत्त झालेले. त्यांना बाकी प्रश्नच नव्हता. "आपल्या गुरखा जीपचा बसव. लो आहे, पुढं-मागं डिफरन्शियल लॉक आहे, आणि हेडऑफिस इथं चालत जायच्या अंतरावर." ट्रान्सफरच्या निवडीत हेडऑफिसचं अंतर कुठं बसतं, हे त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. गुरखा बनतो पिथमपूरला, हेही कुणी काढलं नाही. आणि डिफरन्शियलचं लॉक ॲक्सलात असतं, ट्रान्सफरात नसतं, हे काढणाऱ्या एका तरुण इंजिनिअरशी नाना अजून बोलत नाहीत.

परचेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना कुठलाही डबा चालणार होता, कोटेशन तीन हवी होती.

स्कॉर्पिओचा बोर्ग वॉर्नर सुचवला तो माझ्या भाच्यानं. तो चाकणला नोकरीला आहे आणि ज्याला वायर जोडलेली नाही अशा वस्तूवर त्याचा विश्वास नाही. हा डबा आतून चेनवर चालतो, आवाज करत नाही, डॅशबोर्डवर गोल बटण फिरवलं की स्वतःच फोर व्हीलमध्ये जातो. ऐकायला गोड. पण ठोकळ्यांवरच्या जीपखाली वाकलेल्या माणसांनी त्याचा एकेक धागा ओढायला घेतला, आणि मग थांबेचना. विलीजच्या वंशात मागचा आणि पुढचा, दोन्ही डिफरन्शियलचे गोळे उजवीकडं असतात, कारण अठरा नंबर ताकद उजवीकडूनच बाहेर सोडतो. नवा डबा मागची ताकद मधोमध सोडणार. म्हणजे मागचा ॲक्सल बदला. ॲक्सल बदलला की ब्रेक बदलले, ब्रेक बदलले की मास्टर सिलिंडर आला. डबा लांबीला मोठा, जीप आखूड, म्हणजे मागचा प्रॉपेलर शाफ्ट वीतभर उरणार आणि इतक्या तिरक्या कोनात फिरणार की महिन्याला क्रॉस खाईल. तो वाचवायचा तर इंजिन पुढं सरकवा. इंजिन पुढं सरकवलं की रेडिएटर कुठं? आणि हँडब्रेक? ह्या जीपच्या हँडब्रेकचा ड्रम चाकात नाहीच, तो ट्रान्सफरच्याच मागच्या तोंडावर बसवलेला आहे. डबा उतरला की हँडब्रेक पण उतरला.

"मग दाजी," मी म्हणालो, "ह्यापेक्षा स्कॉर्पिओच घेऊन तिला ह्या जीपचा रंग का देत नाही?"

"अरे, विषय ट्रान्सफरचा चाललाय," दाजी म्हणाले. त्यात गाडीची मूळ बांधणी बदलू नये असं सुप्रीम कोर्टानं २०१९ साली सांगून ठेवलंय, आणि मोशीच्या आरटीओत पुन्हा पासिंगला जायचं दाजींच्या डोक्यावर आहेच. काकांनी डायरीत बोर्ग वॉर्नरपुढं फुली मारली. भाच्यानं मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं.

जिप्सीचा डबा हा जरा विचार करण्यासारखा उमेदवार होता. तो गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये एक छोटा शाफ्ट टाकून वेगळा टांगतात, त्यामुळं तसा कुठंही बसतो. हे स्थळ आणलं मिस्त्रींनी, कारण त्यांच्याकडं एक पडून होता. इथं हॉबिंगवाले पुढं आले. ते जन्मभर गिअरचे दात पाडायच्या मशीनवर उभे होते. बोलतात कमी, पण दात मोजल्याशिवाय कुठल्याही चाकावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी जिप्सीचा इनपुट हातानं फिरवला, आउटपुटवर खडूची खूण केली आणि उभे राहिले.

"ह्याची हाय पण हाय नाही," ते म्हणाले. "एक पॉइंट चार आहे."

सगळे शांत झाले. बाहेरच्या माणसाला ह्यातली वेदना कळायची नाही. स्पायसर अठरामध्ये हाय म्हणजे एकास एक, जेवढं आलं तेवढं दिलं. जिप्सीच्या डब्यात साध्या रस्त्यालाही चाक १.४ पट हळू. सुझुकीनं आपल्या छोट्या इंजिनाला आणि आपल्या ॲक्सलना जुळेल असं ते केलं, तिथं ते बरोबरच आहे. पण दाजींची जीप मुळात ऐंशीला धापा टाकते. तिला हा डबा लावला तर तेवढ्याच धापा टाकून ती सत्तावन्नला पोचणार. शिवाय लोमध्ये फायदा म्हणाल तर तोही नाही. जिप्सीचा लो साधारण २.२७, अठरा नंबरचा २.४६. दोन्हीकडून तोटा.

"पीएमपीची बस ओव्हरटेक करेल, दाजी," भाचा मोबाइलमधून वर न बघता म्हणाला. पीएमपीची बस हे आमच्याकडं वेगाचं शेवटचं माप आहे. फुली.

मग राहिलं काय, तर आहे तोच अठरा नंबर नव्यानं भरायचा. शाफ्ट, सुया, थ्रस्ट वॉशर, बेअरिंगं, सील. हे मिस्त्रींनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, पण तेव्हा ते फक्त मिस्त्री सांगत होते. आता ते समितीनं सांगितलं.

माल शोधायचं काम पूर्वी सोपं होतं. कुदळवाडीत जायचं, भंगाराच्या डोंगरातून फिरायचं, दुपारपर्यंत जीप सोडा, रेल्वेचं इंजिन जुळवून आणता यायचं. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथं मोठी पाडापाडी केली आणि दुकानं चारी दिशांना पांगली. आता ज्याच्याकडं माल आहे तो कुठं आहे हे आधी शोधावं लागतं. दाजी रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले आणि तिथून मधला शाफ्ट, दोन पितळी नळ आणि एक ग्रामोफोनचा कर्णा घेऊन आले. शाफ्ट नऊ सुती निघाला. शेवटी भोसरीच्या एका शेडमध्ये हॉबिंगवाल्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा आता मालक आहे, त्यानं दहा सुती शाफ्ट करून, हार्ड करून, ग्राइंड करून दिला. पैसे घेतले नाहीत. ड्रॉइंग मात्र मागितलं. काकांनी ते रात्रभर बसून काढलं, खाली 'रिव्हिजन शून्य' लिहिलं आणि सही केली.

ह्या सगळ्या काळात मला एक गंमत दिसत होती. जीपसाठी डबा निवडतोय असं प्रत्येकजण म्हणत होता, निवडत होता तो आपापलं डिपार्टमेंट. नानांना टेम्पो दिसत होती, काकांना रिजेक्शन, हॉबिंगवाल्यांना दात. परचेसवाल्यांची तीन कोटेशनं आली, त्यातली दोन एकाच माणसाची होती आणि त्यांना ती लगेच ओळखू आली. मेंटेनन्समधून निवृत्त झालेले एक अण्णा रोज यायचे, उभ्या-उभ्या एकच वाक्य बोलायचे, "चालत होतं ना? मग खोललं कशाला?" आणि जायचे. मला त्या कळपात शहाणे तेवढेच वाटले.

एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो ताईनं विचारला. चहाचे कप गोळा करता करता. "ही जाणार कुठं पण?"

राजमाची, असं दाजी म्हणाले. लोहगडाचा मागचा रस्ता, असं भाचा म्हणाला. ताईनं मग आठवड्याचा हिशेब मांडला : भाजी निगडीत, बँक चिंचवडात, दवाखाना थरमॅक्स चौकाकडं, लेक हिंजवडीत. ह्यातल्या कुठल्याही ठिकाणी जायला लो गिअर लागत नाही. हिंजवडीला तर चालणारा माणूस आधी पोचतो. "चारी चाकं चिखलात एकदम फिरवायची तर आधी चिखल शोधायला डिझेल घालवायचं," ती म्हणाली. "काढून टाका तो डबा." समितीनं हा मुद्दा नोंदवून घेतला नाही.

पण उपयोग निघाला, आणि तोही तिच्याच माहेरच्या माणसांमुळं. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. गावाकडच्या दिंडीला पाण्याचे कॅन आणि औषधाची पेटी वाहायला गाडी हवी होती. दिंडीमागं गाडी चालवणं म्हणजे क्लचची होळी, पहिल्या गिअरलासुद्धा गाडी माणसापेक्षा पळते. दाबा, सोडा, दाबा, सोडा, संध्याकाळपर्यंत प्लेट जळालेली. इथं अठरा नंबर कामाला आला. अडचण एवढीच की ह्या डब्यात लो हवा तर पुढची चाकं जोडावीच लागतात, आत तशी अडकण आहे, आणि सुक्या डांबरावर चारी चाकं जोडून फिरलं की वळणावर सगळी यंत्रणा आखडते. मिस्त्रींनी पुढच्या चाकांच्या तोंडावरचे लॉक हब हातानं 'फ्री'वर फिरवले. आता दांडी म्हणते फोर व्हील लो, पुढचा शाफ्ट रिकामा फिरतो, ओढतात ती मागचीच चाकं. पाय सगळीकडून उचलून ठेवला तरी जीप आयडलवर सरकते. पहिल्यात टाकली तेव्हा ती दिंडीच्या मागं पडू लागली, म्हणून दुसऱ्यात टाकली. ताई शेजारी बसली होती, आणि आता धरायची दांडी कुठली हे तिला ठाऊक होतं.

बाकीची समिती बाजूनं चालत होती. टाळ-मृदंगाच्या गजरात, गळ्यात माळ आणि कान जीपच्या पोटाकडं. देहूरोड सोडल्यावर दिंडीतले एक म्हातारबाबा हळूहळू आमच्या बाजूला सरकले. पटका, धोतर, खांद्यावर पताका. बराच वेळ ते नुसते ऐकत चालले.

"अठरा नंबर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

काका जागेवर थबकले.

"आमच्याकडं जिप्सीचा घातलाय," बाबा म्हणाले. "माळशिरसला. उसाच्या फडात लई सुखाचा."

"अहो पण हाय एक पॉइंट चार आहे त्याची," हॉबिंगवाले तळमळून म्हणाले. "रस्त्याला साठच्या वर जात नसेल."

"साठच्या वर जायाचंय कुणाला?" बाबा म्हणाले, आणि पुढच्या अभंगाला टाळ धरून आपल्या ओळीत निघून गेले.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकांनी बंडीच्या खिशातून डायरी काढली, चालता चालताच तक्त्याचं पान उघडलं आणि जिप्सीपुढची फुली खोडून तिथं प्रश्नचिन्ह काढलं.